डॉक्टर घडताना : समानुभूतीच्या शिक्षणाची शंभर वर्षे

रुग्णालयातून बरा होऊन घरी परतलेल्या माणसाला काही वर्षांनी औषधांची नावे आठवत नाहीत. शस्त्रक्रियेचा तपशीलही हळूहळू पुसट होतो. मात्र कोणत्या डॉक्टरांनी खाटेशेजारी बसून आस्थेने विचारपूस केली आणि कोण हातातल्या कागदावरची नजर न उचलता पुढच्या खाटेकडे निघून गेले, हे त्याला जन्मभर आठवते. हा अनुभव सार्वत्रिक आहे. डॉक्टरांचे ज्ञान परीक्षेत तपासले जाते, त्यांच्या हाताचे कौशल्य वरिष्ठ पारखून घेतात. परंतु दुसऱ्याचे दुःख जाणण्याची वृत्ती त्यांना कोण शिकविते? ती शिकविता येते काय, की ती जन्मतःच असावी लागते? गेल्या शंभर वर्षांत अनेक वैद्यकीय शिक्षकांनी या प्रश्नाची उत्तरे शोधली. त्या शोधाचा इतिहास उद्बोधक आहे आणि प्रत्येक कुटुंबाच्या जिव्हाळ्याचाही आहे.

प्राचीन दृष्टी आणि नवा शब्द

भारतीय वैद्यकाला हा विचार अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्याची वृत्ती चार प्रकारची सांगितली आहे. सर्वांविषयी मैत्री, पीडितांविषयी कारुण्य, बरा होऊ शकणाऱ्या रोग्यावर प्रीतीने उपचार आणि अंताकडे निघालेल्याविषयी समभाव, अशी ती चतुर्विध वृत्ती होय. विमानस्थानात शिष्याला दीक्षा देतानाचा उपदेश आहे. स्वतःच्या जीवावर बेतले तरी रोग्याचा द्रोह करू नये, त्याच्या घरातील गोष्ट बाहेर सांगू नये, आयुष्य थोडे उरले आहे हे कळले तरी ज्या ठिकाणी सांगितल्याने रोग्याला वा आप्तांना आघात होईल तेथे ते बोलू नये, असे आचार्य सांगतात. शिष्य गुरूच्या सहवासात राहत असे. गुरू रोग्याशी कसा बोलतो, हे पाहत पाहतच तो वैद्य होत असे.

इंग्रजीतील 'एम्पथी' हा शब्द त्या मानाने अगदी अलीकडचा आहे. चित्र किंवा शिल्प पाहताना पाहणाऱ्याचे मन त्यात शिरते, या अर्थाचा एक शब्द जर्मन कलामीमांसेत रूढ होता. त्यावरून एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १९०९ साली हा इंग्रजी शब्द बनविला. मराठीत त्याला 'समानुभूती' म्हणतात. सहानुभूतीमध्ये माणूस दुसऱ्याचे दुःख पाहून हळहळतो. समानुभूतीमध्ये तो त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहतो आणि तरीही आपले भान सोडत नाही. डॉक्टरला या दुसऱ्या गुणाची गरज असते, कारण रुग्णाबरोबर तोही रडत बसला तर उपचार कोणी करावयाचे?

विज्ञानाचा विजय आणि एक इशारा

आधुनिक वैद्यकशिक्षणाचे आचार्य म्हणून सर विल्यम ऑस्लर (१८४९–१९१९) यांचे नाव घेतले जाते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ साली सुरू झाले. तेथे ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहातून उठवून रुग्णाच्या खाटेपाशी नेले. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा निरोप घेताना त्यांनी तरुण डॉक्टरांना चित्ताच्या स्थैर्याचा उपदेश केला. कितीही बिकट प्रसंग आला तरी डॉक्टरचा तोल ढळता कामा नये, हे सांगतानाच त्यांनी हृदय कठोर होऊ न देण्याचीही सूचना केली होती. पुढील पिढ्यांनी पहिला उपदेश उत्तम आत्मसात केला. दुसरा मात्र मागे पडला, असे म्हणावे लागते.

१९१० साली अब्राहम फ्लेक्सनर या शिक्षणतज्ज्ञाने अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय विद्यालयांची पाहणी करून आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यानंतर अनेक निकृष्ट विद्यालये बंद पडली आणि प्रयोगशाळा हा वैद्यकशिक्षणाचा कणा बनला. समाजाला त्याचा फार मोठा लाभ झाला. परंतु रोगाचा अभ्यास जसजसा सूक्ष्म होत गेला, तसतसा रोगी नजरेआड होऊ लागला.

या धोक्याची जाणीव प्रयोगशाळेतीलच एका थोर डॉक्टरने करून दिली, हे विशेष होय. डॉ. फ्रान्सिस पीबॉडी हे बॉस्टन सिटी हॉस्पिटलमधील थॉर्नडाइक प्रयोगशाळेचे संचालक होते. २१ ऑक्टोबर १९२६ रोजी हार्वर्ड येथील वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे त्यांनी रुग्णाच्या शुश्रूषेविषयी व्याख्यान दिले. नव्या पदवीधरांना रोगाची यंत्रणा पुष्कळ कळते पण रुग्णाशी वागणे कळत नाही, ही जुन्या डॉक्टरांची तक्रार त्यांनी आरंभीच मांडली. मोठ्या रुग्णालयात माणूस आपले नाव हरवून बसतो आणि खाट व विकार एवढ्यावरूनच ओळखला जातो, हे त्यांनी दाखवून दिले. सर्व तपासण्या निर्दोष आल्या म्हणून ज्याला काहीही झालेले नाही असे सांगून घरी पाठविले जाते, तो रुग्ण पूर्वीइतकाच दुःखी राहतो. त्याच्या व्यथेचे मूळ त्याच्या संसारात, काळजीत वा एकटेपणात असते आणि ते कोणी विचारलेलेच नसते. विज्ञान आणि आत्मीयता यांत विरोध नाही, दोन्ही डॉक्टरमध्ये एकत्र नांदली पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे व्याख्यान मार्च १९२७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापले गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, पोटातील कर्करोगाने डॉ. पीबॉडी यांचे निधन झाले.

मनाला पडणारे घट्टे

पीबॉडींच्या व्याख्यानाचे कौतुक खूप झाले, पण अभ्यासक्रम बदलला नाही. दरम्यान समाजशास्त्रज्ञांचे लक्ष वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनाकडे गेले. हॉवर्ड बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सस विद्यापीठातील विद्यार्थ्यांमध्ये वावरून त्यांचे निरीक्षण केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थी सेवेचा आदर्श उराशी बाळगून महाविद्यालयात येतात. परंतु अभ्यासाचा डोंगर पाहिल्यावर परीक्षेत काय विचारले जाईल, शिक्षकांना काय हवे आहे, याच विवंचनेत ते गुंततात आणि आदर्श बाजूला ठेवला जातो, असे त्यांना आढळले.

१९६३ साली रेने फॉक्स व हॅरॉल्ड लीफ यांनी 'अलिप्त आस्था' या कल्पनेची चर्चा केली. शवविच्छेदनाच्या टेबलापासूनच विद्यार्थी आपल्या भावना आवरावयास शिकतो. ते आवश्यकही असते, कारण थरथरत्या हाताने सुरी धरता येत नाही. अडचण अशी की अलिप्तता शिकविणारे प्रसंग रोज येतात, आस्था शिकविणारे मात्र क्वचितच येतात. हाताला घट्टे पडले की काम सोपे होते, पण मऊ वस्त्राचा स्पर्श कळेनासा होतो. मनाचेही तसेच होते.

लंडनमधील एक वर्तुळ

याच काळात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये एक वेगळा उपक्रम सुरू झाला. मायकेल बॅलिंट (१८९६–१९७०) हे मूळचे बुडापेस्टचे मनोविश्लेषक. १९५० च्या दशकात त्यांनी पत्नी एनिड यांच्या साहाय्याने सामान्य व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांचे लहान गट तयार केले. हे डॉक्टर दर आठवड्याला एकत्र बसत आणि आपल्याला अस्वस्थ करणाऱ्या एखाद्या रुग्णाची हकिकत केवळ आठवणीतून सांगत. त्या रुग्णाचा राग का आला, कोणाला टाळावेसे का वाटले, याची मोकळी चर्चा होई. डॉक्टर स्वतःच एक औषध आहे, पण त्या औषधाची मात्रा आणि दुष्परिणाम कोणत्याही पुस्तकात दिलेले नाहीत, हा बॅलिंट यांचा मूळ विचार होता. त्यांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला आणि 'बॅलिंट गट' पुढे अनेक देशांत स्थापन झाले. रुग्णाला समजून घ्यावयाचे असेल तर डॉक्टरचेही कोणीतरी ऐकून घेतले पाहिजे, हे या उपक्रमाने प्रथम ओळखले.

रुग्ण हाच परीक्षक

यापुढचे पाऊल अमेरिकेत पडले. डॉ. हॉवर्ड बॅरोज (१९२८–२०११) हे मज्जासंस्थेच्या विकारांचे तज्ज्ञ होते. तरुणपणी त्यांना एक विलक्षण अनुभव आला. परीक्षेसाठी वारंवार तपासला जाणारा एक रुग्ण त्यांना म्हणाला की, एका परीक्षार्थी डॉक्टरने त्याला फारच कठोरपणे वागविले, म्हणून त्याने मुद्दाम आपली लक्षणे बदलून दाखविली! खाटेवरचा माणूस आपल्याला तपासणाऱ्यालाही तपासत असतो, हे बॅरोज यांच्या मनात ठसले.

१९६३ साली लॉस एंजेलिस येथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी एक प्रयोग केला. चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका धडधाकट स्त्रीला त्यांनी दोन्ही पाय लुळे पडलेल्या रुग्णाची भूमिका शिकविली. आजाराची लक्षणे, पूर्वेतिहास, मनातील धास्ती, सर्व काही तिने आत्मसात केले. विद्यार्थी तिला तपासत आणि ते गेल्यावर ती त्यांच्या कामगिरीची नोंद करी. विद्यार्थ्याच्या वागण्याविषयी रुग्णाच्या बाजूने बोलणारा परीक्षक प्रथमच मिळाला. हॉलिवूड जवळच असल्याने वृत्तपत्रांनी या प्रयोगाची थट्टा केली. सहकाऱ्यांनीही प्रथम नाके मुरडली. परंतु पद्धत टिकली. १९७५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन यांनी अनेक टेबलांवर क्रमाने द्यावयाची प्रात्यक्षिक परीक्षा मांडली. तिच्यात अशा प्रशिक्षित रुग्णांना पुढे कायमचे स्थान मिळाले.

या शिक्षणाची गरज किती होती, ते १९८४ साली हॉवर्ड बेकमन व रिचर्ड फ्रँकेल यांच्या पाहणीने दाखविले. त्यांनी ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. रुग्ण बोलू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते आणि आपले म्हणणे पुरे करू शकलेले रुग्ण चारात एकही नव्हते. विशेष म्हणजे आपण असे करतो आहोत, याची डॉक्टरांना कल्पनाही नसावी.

परीक्षेची मर्यादा

जे परीक्षेत येते तेच शिकले जाते, हा शिक्षणाचा व्यवहारी नियम आहे. अमेरिकेत जाऊ इच्छिणाऱ्या परदेशी डॉक्टरांसाठी १९९८ साली आणि तेथील सर्वच नव्या डॉक्टरांसाठी २००४ साली प्रशिक्षित रुग्णांची परीक्षा सक्तीची झाली. परीक्षार्थीला एका दिवसात बारा 'रुग्ण' तपासावे लागत आणि प्रत्येकासाठी पंधरा मिनिटे मिळत. मुंबई-पुण्याच्याही कित्येक तरुण डॉक्टरांनी सातासमुद्रापार जाऊन ही परीक्षा दिली. दार ठोठावून आत जाणे, स्वतःचे नाव सांगणे, तपासण्यापूर्वी अनुमती घेणे, या साध्या गोष्टींना प्रथमच गुण मिळू लागले, ही जमेची बाजू होती. परंतु सांत्वनाची काही ठरीव वाक्ये घोकून जाण्याकडेही कल वाढला. करुणेचे शब्द पाठ करता येतात. करुणा पाठ करता येत नाही, ही टीका होऊ लागली. कोरोनाच्या साथीत २०२० साली ही परीक्षा स्थगित झाली आणि जानेवारी २०२१ मध्ये ती कायमची बंद केल्याचे जाहीर झाले. पद्धतीचा उपयोग महाविद्यालयांतून आजही होतो. शिष्टाचार शिकविण्यास ती उत्तम आहे. त्या शिष्टाचारामागे अंतःकरण आहे की नाही, हे मात्र पंधरा मिनिटांत कसे कळावे?

तिसऱ्या वर्षाचे कोडे

दरम्यान फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयात मोहम्मदरझा होजात व त्यांच्या सहकाऱ्यांनी समानुभूती मोजण्यासाठी एक प्रश्नावली सिद्ध केली. २००२ व २००४ साली प्रवेश घेतलेल्या ४५६ विद्यार्थ्यांना ती प्रवेशाच्या वेळी आणि नंतर प्रत्येक वर्षाच्या शेवटी देण्यात आली. २००९ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. पहिली दोन वर्षे समानुभूती फारशी बदलली नाही. तिसऱ्या वर्षी ती लक्षणीय घटली. तिसरे वर्ष म्हणजे विद्यार्थी पुस्तके बाजूला ठेवून प्रत्यक्ष रुग्णांमध्ये पाऊल टाकतात ते वर्ष! ज्या वेळी या गुणाची सर्वाधिक आवश्यकता, त्याच वेळी तो ओसरू लागतो.

विद्यार्थ्यांनी दिलेली कारणे विचार करण्यासारखी आहेत. अनुकरण करावे असे वरिष्ठ दिसत नाहीत, कामाचा भार प्रचंड असतो, वेळ अपुरा असतो, वातावरण अनेकदा तुटक व कठोर असते. स्वतःबद्दल विद्यार्थ्यांनीच भरलेल्या प्रश्नावलीवर किती विसंबावे, अशी शंका काही अभ्यासकांनी घेतली आणि घट सांगितली जाते तेवढी मोठी नसल्याचेही म्हटले. तथापि या संशोधनाने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. समानुभूती विद्यार्थ्याच्या अंगी कशी आणावी, या चिंतेच्या जागी ती येताना घेऊन आलेला विद्यार्थी ती गमावतो कोठे, हा प्रश्न उभा राहिला.

हा केवळ सौजन्याचा विषय नाही, हेही याच काळात स्पष्ट झाले. होजात यांनी २०११ साली २९ डॉक्टर व त्यांच्याकडील ८९१ मधुमेही रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. समानुभूतीचे गुण अधिक असलेल्या डॉक्टरांच्या ५६ टक्के रुग्णांची साखर चांगली आटोक्यात होती. कमी गुण असलेल्यांच्या बाबतीत हे प्रमाण ४० टक्के होते. ज्याला आपले म्हणणे ऐकले गेले असे वाटते, तो रुग्ण पथ्यही पाळतो आणि चुकले तर लपवीत नाही, असे याचे कारण मानता येईल. शिक्षणाने फरक पडतो, हेही दिसून आले आहे. बॉस्टन येथील हेलन रीस यांनी २०१२ साली ९९ निवासी डॉक्टरांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांपैकी काहींना एकेका तासाचे तीन पाठ देण्यात आले होते. पाठ मिळालेल्या डॉक्टरांविषयी रुग्णांनीच अधिक अनुकूल मत नोंदविले.

सेवाग्रामची वाट

महाराष्ट्राला या इतिहासातील एक स्वतंत्र वाट अभिमानाने दाखविता येते. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नय्यर यांनी वर्धेजवळ सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तेथे नव्या विद्यार्थ्यांचे पहिले दिवस सुरीच्या वा सूक्ष्मदर्शकाच्या सान्निध्यात जात नाहीत. ते गांधीजींच्या आश्रमातील शिबिरात जातात. श्रमदान, सूतकताई आणि प्रार्थना हा तेथला नित्यक्रम असतो. त्यानंतर प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते. विद्यार्थी त्या गावात जाऊन राहतात आणि वाटून दिलेल्या कुटुंबांशी पुढेही संबंध ठेवतात. चुलीचा धूर, विहिरीचे अंतर, मजुरीचा खाडा यांचा आजाराशी काय संबंध असतो, ते कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्या अंगणात बसल्यावर लवकर कळते. रुग्ण रुग्णालयात आल्यावर त्याची ओळख हरवते, ही पीबॉडींची खंत होती. सेवाग्रामने विद्यार्थ्यालाच रुग्णाच्या घरी नेऊन त्यावर उपाय काढला.

देशपातळीवर हा विचार उशिरा पण निश्चितपणे आला. भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ साली वृत्ती, नीतिमत्ता व संवाद यांविषयीची पाठपुस्तिका प्रसिद्ध केली आणि २०१९ च्या प्रवेशांपासून ती एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमाचा भाग झाली. डॉक्टर असणे म्हणजे काय, रुग्ण असणे म्हणजे काय, हे तिचे आरंभीचे पाठ आहेत. त्याच पहिल्या वर्षात मृतदेह हा आपला पहिला गुरू, असाही एक पाठ आहे. ज्या टेबलापाशी अलिप्ततेला सुरुवात होते, तेथेच कृतज्ञताही शिकविण्याचा हा प्रयत्न आहे. देहदान करणाऱ्या कुटुंबांना त्याचे मोल निराळे सांगावयास नको. परिषदेच्या जागी २०२० साली राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. २०२२ पासून आयोगाने विद्यार्थ्यांसाठी कुटुंब दत्तक योजनाही लागू केली. सेवाग्रामने पन्नास वर्षांपूर्वी धरलेली वाट अशा रीतीने देशाच्या अभ्यासक्रमात आली.

इतिहासाचे सार

शंभर वर्षांच्या या वाटचालीतून एक गोष्ट ठळकपणे दिसते. बहुतेक तरुण-तरुणी दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याच्या इच्छेनेच या व्यवसायात येतात. त्यांच्या मनातील ओलावा शिकविण्यापूर्वीच तेथे असतो. तो टिकविण्यासाठी तीन गोष्टी लागतात. वरिष्ठांचे रोजचे आचरण, ही पहिली. स्वतःचा थकवा व अस्वस्थता मोकळेपणाने बोलून दाखविण्याची जागा, ही दुसरी. रुग्णाला त्याच्या घरादारासह पाहण्याची संधी, ही तिसरी. चरकांच्या शिष्याला या तिन्ही गोष्टी गुरूच्या सहवासात मिळत असाव्यात. आज त्यांची योजना जाणीवपूर्वक करावी लागते.

या कार्यात समाजाचाही वाटा आहे. रुग्णालयांना यंत्रे देणारे दाते पुष्कळ आहेत आणि त्यांचे ऋण मोठेच आहे. परंतु सलग कित्येक तास जागून काम करणाऱ्या निवासी डॉक्टरला विसाव्याची खोली मिळावी, बाह्यरुग्ण विभागात रुग्णासाठी चार मिनिटे अधिक मिळावीत, खाटेशेजारी डॉक्टरला टेकण्यापुरते एक स्टूल असावे, याचाही विचार दात्यांनी व विश्वस्तांनी करावयास हवा. रागावलेल्या नातेवाइकांच्या धाकात वावरणारा तरुण डॉक्टर मन मोकळे ठेवू शकत नाही, हेही रुग्णांच्या आप्तांनी ध्यानी घेतले पाहिजे. त्याने समजून घ्यावे, ही अपेक्षा बाळगताना त्यालाही समजून घेणारे कोणी लागते.

डॉ. पीबॉडी यांनी हार्वर्डमध्ये विद्यार्थ्यांपुढे जो प्रश्न ठेवला, तो प्रत्येक नव्या तुकडीपुढे पुन्हा नव्याने उभा राहतो. कोणतेही यंत्र वा कोणतीही परीक्षा त्याचे उत्तर कायमचे देऊ शकलेली नाही. एखादा वरिष्ठ डॉक्टर आपल्यामागे उभ्या असलेल्या दहा विद्यार्थ्यांसमक्ष खाटेशेजारी बसतो, रुग्णाला नावाने हाक मारतो आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत थांबतो, तेव्हा ते उत्तर त्या दहाजणांपर्यंत पोहोचते.